वैशाली इज नो मोअर

माझं निधन झालं त्या दिवशी मी कोबी आणायला गेले होते.

वार शुक्रवार होता एवढं आठवतं. तारीख मात्र लक्षात नाही (स्वतःची पुण्यतिथी लक्षात ठेवायची माणसाला सवय नसते, तो वारसा इतरांकडे जातो). आम्ही तेव्हा तोक्योच्या पूर्वेला, एदोगावा भागात राहत होतो. पुण्या-मुंबईची, चेन्नई-हैदराबादची कॉम्प्युटरवाली मंडळी नुकतीच तिकडे येऊन स्थिरावत होती. एकेका इमारतीत संध्याकाळी चार-चार प्रकारच्या फोडण्यांचे वास येत. आमच्या वस्तीचं नाव हिगाशी-कसाई. हिगाशी म्हणजे पूर्व, कसाई हे जुन्या गावाचं नाव, आणि त्याचा आपल्याकडच्या कसायाशी काडीचाही संबंध नाही, हे मी सासूबाईंना सांगलीला फोनवर वारंवार समजावलं होतं. तरी त्या शेजारीपाजारी "मुलगा तोक्योला असतो" एवढंच सांगून विषय बदलत.

तर या सासूबाई त्या वर्षी तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या. मी त्यांना आई म्हणते. सांगलीच्या एका शाळेत त्यांनी सगळी हयात इंग्रजी शिकवण्यात घालवली होती. कर्ता, कर्म, क्रियापद यांच्या जागा चुकलेलं वाक्य ऐकलं की त्यांना ठसका लागायचा. दुसरं वेड क्रिकेटचं. टीव्हीपेक्षा रेडिओवरचं समालोचन त्यांना जास्त प्रिय. रेडिओ कानाशी धरून त्या आख्खा कसोटी सामना ऐकायच्या आणि वरून आमटीलाही कधी मीठ कमी पडायचं नाही.

त्यांच्या मुक्कामातच क्रिकेटची एक मोठी स्पर्धा सुरू झाली, आणि जपानी टीव्हीवर क्रिकेटचा मागमूस नव्हता. जिकडेतिकडे बेसबॉल. आईंनी दोन दिवस निष्ठेने बेसबॉल बघितला. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "अगं मृणू, हा बॅट टाकून पळतो गं. आमच्या शाळेत असता तर अंगठे धरून उभा केला असता."

मग त्यांनी टीव्ही लावणंच सोडलं. सकाळी खिडकीशी बसायच्या, समोरच्या गॅलरीत वाळत घातलेल्या गाद्या बघायच्या आणि सुस्कारा सोडायच्या. माझा नवरा श्रीकांत कामासाठी आठवडाभर ओसाकाला गेला होता. ज्या जपानी कंपनीसाठी त्याची टीम काम करत होती, तिच्यापुढे शुक्रवारी मोठं प्रेझेंटेशन होतं. ते चांगलं झालं तर आमचं काम दोन वर्षं पुढे चालणार, नाही तर गाशा गुंडाळून पुण्याला. त्यामुळे त्याच्याकडे तक्रार करायची सोय नव्हती. सुनेने काहीतरी करायला हवं होतं.

सुनेने इंटरनेट उघडलं.

आमच्याकडे तेव्हा इंटरनेट टेलिफोनच्या वायरीतून यायचं. ते चालू असलं की फोन लागायचा नाही. शोधता शोधता एक इंग्रजी साइट सापडली. हिरवीगार, कोपऱ्यात तीन स्टंपांचं चित्र, आणि सभासदांना सामन्याचं थेट समालोचन ऐकायची सोय. सभासद होण्यासाठी क्रेडिट कार्डावरून थोडी रक्कम ठेवायची. मी म्हटलं, वाचनालयाचं डिपॉझिट असतं तसंच असणार.

आई चष्मा सावरत पडद्याजवळ आल्या. "हे खाली बारीक अक्षरांत काय आहे गं? बेट असा शब्द दिसतोय."

"बेट म्हणजे आयलंड असेल हो आई. कुठल्याशा बेटावरची कंपनी आहे."

(कंपनी खरोखरच एका बेटावरची निघाली. पण तो शब्द इंग्रजी होता आणि त्याचा अर्थ पैज असा होता. ज्यांच्या घरात पत्तेसुद्धा चिंचोके लावून खेळत, त्या बाईला मी सट्ट्याच्या दारात नेऊन उभं केलं होतं.)

मी नाव, पत्ता, कार्डाचा नंबर भरला. ईमेल श्रीकांतचा दिला, कारण घरात तेवढा एकच होता. बटण दाबलं, इंटरनेट बंद केलं, आणि तासाभरात फोन वाजला.

फोन कार्डवाल्यांचा होता. अतिशय गोड आवाजाची एक जपानी बाई. माझं जपानी म्हणजे वॉर्ड ऑफिसच्या फुकट वर्गात शिकलेलं. त्यात मला स्वतःची ओळख करून देता यायची, हवेबद्दल बोलता यायचं आणि ओला कचरा कुठल्या वारी टाकायचा ते विचारता यायचं. बाई पुन्हा पुन्हा एक शब्द वापरत होती, 'होन्निन'. कार्ड वापरणारी व्यक्ती स्वतः तीच आहे ना, असं तिला विचारायचं होतं. मी म्हटलं हो, होन्निन, होन्निन.

"तुमचं नाव?"

"वैशाली साठे," मी म्हटलं.

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. कारण कार्डावर नाव होतं मृण्मयी गद्रे.

इथे मला एक कौटुंबिक खुलासा करायला हवा. मी जन्माने वैशाली साठे. लग्नात तांदळाच्या ताटात श्रीकांतने अंगठीने 'मृण्मयी' असं लिहिलं (ण आणि म जोडताना तीनदा तांदूळ सारखे करावे लागले), आणि सासरी मी मृण्मयी गद्रे झाले. पासपोर्ट लग्नाआधीचा, तो साठ्यांचाच राहिला, आणि परदेशात कुणी नाव विचारलं की माझ्या तोंडून पासपोर्टातलंच निघायचं. कार्डाचा अर्ज मात्र श्रीकांतने भरला होता, आणि त्याला वैशाली नावाची कुणी बाई घरात आहे हे आठवायचं काही कारण नव्हतं. भारतात आपण अशी दोन नावं अंगाखांद्यावर घेऊन आयुष्यभर सुखाने वावरतो. जपानी बाईला ते समजावून सांगायचं म्हणजे कचऱ्याच्या वारांपलीकडचं जपानी लागत होतं.

मी घाम पुसत सांगितलं, मृण्मयी मीच, वैशालीही मीच. तिने फार समजूतदारपणे ऐकून घेतलं. मग त्या साइटचं नाव घेतलं, श्वास आत ओढल्यासारखा आवाज काढला आणि म्हणाली, "सोरे वा, चोत्तो..."

चोत्तो म्हणजे थोडं, हे मला येत होतं. मी फोन ठेवून आईंना सांगितलं, "परवानगी मिळाली. थोडं चालेल म्हणाली."

(जपानी माणूस 'थोडं...' म्हणून थांबला की त्याचा अर्थ 'अजिबात नाही' असा होतो. तो धडा आमच्या वर्गात शिकवला नव्हता.)

दुसऱ्या दिवशी साइटवाल्यांचा ईमेल आला. कार्डवाल्यांनी पैसे अडवून ठेवलेत, तरी ओळखीची खात्री पटवा. पासपोर्ट, घरच्या पत्त्यावरचं एखादं बिल, आणि पासपोर्ट हातात धरलेला फोटो पाठवा. मी कोपऱ्यावरच्या कोनबिनीत, म्हणजे दिवसरात्र उघड्या असणाऱ्या दुकानात, जाऊन फॅक्स केले. पासपोर्टवर साठे. कार्डावर मृण्मयी. गॅसच्या बिलावर जपानी लिपीत 'गादोरे शुरीकान्तो', कारण जपानीत श्री आणि द्रे लिहायला जागाच नाही.

फोटो आईंनी काढला. पहिल्या फोटोत पासपोर्ट छान आला, मी मानेपर्यंत आले. दुसऱ्यात मी आले आणि पासपोर्टच्या जागी आईंचं बोट. तिसरा पाठवला. तिकडून उत्तर आलं की पासपोर्टातली मुलगी आणि तो हातात धरणारी बाई या एकच आहेत असं आम्हाला खात्रीने म्हणता येत नाही.

"पासपोर्टातली बारीक आहे गं," आई माझी समजूत घालत म्हणाल्या. "फोटो काढणाऱ्याचं थोडं चुकलं असेल."

थोडक्यात, त्या कंपनीच्या हिशेबाने आमच्या दोन खोल्यांत तीन-चार अनोळखी माणसं राहत होती आणि त्यांच्यातलं नेमकं कोण पैज लावू इच्छितं हे कळत नव्हतं. शेवटी त्यांनी कळवलं, आमचा माणूस फोनवर बोलून खात्री करेल.

त्या माणसाचा फोन शुक्रवारी आला तेव्हा मी अंघोळीला गेले होते. आईंनी उचलला. संभाषण त्यांनी मला नंतर शब्दशः सांगितलं, आणि इंग्रजीच्या बाबतीत त्यांची स्मरणशक्ती चोख आहे.

तो म्हणाला, "मे आय स्पीक टु मिसेस वैशाली?"

आईंनी उत्तर दिलं, "वैशाली इज नो मोअर."

त्यांना म्हणायचं होतं की वैशाली हे नाव आता नाही, लग्नानंतर तिला मृण्मयी म्हणतात. पण पुढचं वाक्य येण्याआधी तो गृहस्थ म्हणाला, "आय ॲम सो सॉरी, मॅडम."

"सॉरी कशाला?" आई म्हणाल्या. "पुष्कळ दिवस झाले त्याला. लग्न झालं त्याच दिवशी."

"लग्नाच्या दिवशी?"

"आमच्यात तशीच पद्धत आहे."

त्याने "पद्धत?" असं दोनदा विचारलं म्हणे. आईंना वाटलं, परका माणूस, काळजीत पडला असेल. म्हणून त्यांनी धीर दिला, "आम्ही सगळे नवीवर अगदी खूश आहोत. स्वयंपाकही चांगला करते."

मी केस पुसत बाहेर आले तेव्हा आई फोन ठेवत होत्या. "फार सुसंस्कृत माणूस," त्या म्हणाल्या. "मी सगळं नीट समजावून सांगितलं. पुन्हा पुन्हा सॉरी म्हणत होता बिचारा."

मला हायसं वाटलं. सामना सुरू झाला होता. समालोचनाची सोय होईपर्यंत मी आईंना दुसऱ्या एका साइटवर नुसता धावफलक लावून दिला, तो ताजा करायला कुठलं बटण दाबायचं ते दाखवलं आणि सायकल काढून कोबी आणायला निघाले. माझा मोबाइल फ्रिजवर राहिला. आणि इंटरनेट चालू, म्हणजे घरचा फोन बंद.

आता ओसाकाला काय चाललं होतं ते सांगते.

श्रीकांत प्रेझेंटेशन देत होता. समोर लांब टेबलाशी जपानी कंपनीची मंडळी, मधोमध त्यांचे प्रमुख नाकामुरा-सान. श्रीकांतचा लॅपटॉप मोठ्या पडद्याला जोडलेला. त्याच लॅपटॉपवर त्याचे घरचे ईमेलही यायचे (त्या आठवड्यात गडबडीत त्याने ते उघडलेच नव्हते), आणि नवा ईमेल आला की पडद्याच्या कोपऱ्यात पहिल्या दोन ओळी झळकायच्या. श्रीकांत पडद्याकडे पाठ करून बोलत होता. तेवढ्यात मागे साइटवाल्यांच्या ईमेलच्या ओळी उमटल्या: आपल्या मातोश्रींकडून मिसेस वैशाली यांच्या निधनाची बातमी समजली, आम्ही आपल्या दुःखात सहभागी आहोत.

नाकामुरा-सान इंग्रजी सावकाश वाचत, पण चुकत नसत. वाचून झाल्यावर ते उभे राहिले. बाकीचे उभे राहिले. सगळ्यांनी कमरेतून खोल वाकून मान झुकवली. श्रीकांतला वाटलं, आपला आराखडा इतका आवडला. त्यानेही वाकून आभार मानले. ते वर येईनात, म्हणून तोही तसाच वाकून राहिला. शेवटी नाकामुरा-साननी डोळ्यांनीच पडद्याकडे खूण केली.

त्याने घरी फोन लावला. एंगेज. माझ्या मोबाइलवर लावला. फ्रिज थरथरला असेल, पण आईंचं लक्ष धावफलकात. मग त्याने आमच्या खालच्या मजल्यावरच्या जानकीला फोन केला. जानकीचा नवरा श्रीकांतच्याच ऑफिसातला, कुटुंब चेन्नईचं. माझी तिची ओळख जिन्यात हसण्यापुरती. "प्लीज वर जाऊन बघ, घरी काय झालंय," एवढंच त्याच्याच्याने बोलवलं.

जानकी धावत वर आली. दार आईंनी उघडलं. आईंचा चेहरा उतरलेला होता, डोळे पाणावलेले होते. आपला भरवशाचा फलंदाज त्याच मिनिटाला बाद झाला होता.

"आंटी, काय झालं?" जानकीने इंग्रजीत विचारलं.

"रन आउट," आई म्हणाल्या.

"बाहेर पळाली?"

जानकीचं इंग्रजी तमिळ वळणाचं, आईंचं सांगलीचं. आईंना वाटलं, ही कसं झालं ते विचारतेय. "पळायचं काही कारणच नव्हतं. कुणी बोलावलंही नव्हतं. अर्ध्या वाटेतच सगळं संपलं, मागे फिरायलासुद्धा वेळ मिळाला नाही."

"अय्यो. आणि आता?"

"आता काय राहिलंय," आई डोळे टिपत म्हणाल्या. "तेवढा एकच आधार होता. तू आत तरी ये, बस."

जानकी आत आली नाही. तोंडाला पदर लावून हुंदके देत जिना उतरली. आईंनी दार लावलं आणि मनात म्हणाल्या, चेन्नईकडच्या बायकांना क्रिकेटचा इतका लळा असेल असं वाटलं नव्हतं.

जानकीने श्रीकांतला फोन करून सांगितलं की मी घाबरून रस्त्यावर धावले आणि अपघात झाला. त्यानंतर श्रीकांतच्या मोबाइलची बॅटरी संपली.

मी कोबी घेऊन परतले तेव्हा जानकी खाली सायकली लावायच्या जागेशी उभी होती. मला बघताच ती दोन पावलं मागे सरकली. मग पुढे होऊन तिने माझा दंड चिमटीत धरून पिळला. (माणूस खरं की खोटं हे बघायला आपण स्वतःला चिमटा काढतो. तिने मला काढला. महिनाभर वण होता.) त्यानंतर ती माझ्या गळ्यात पडून जी रडायला लागली, की कोबी घरंगळत थेट कचऱ्याच्या जाळीपर्यंत गेला.

वर येऊन तिघींनी सगळं जुळवलं. ईमेल उघडला, वाचला. आई खुर्चीत बसून राहिल्या. मी श्रीकांतला फोन लावत राहिले, तो बंद. ओसाकाच्या ऑफिसात लावला. तिथल्या मुलीने हळू आवाजात सांगितलं की गद्रे-सान गाडीने तोक्योला निघाले. मी जिवंत आहे हे तिला सांगायला हवं होतं, म्हणजे तिथून काही निरोप तरी गेला असता. पण 'मी जिवंत आहे' याला जपानीत काय म्हणतात? आमच्या वर्गात तो धडा पुढच्या सत्रात येणार होता की काय, कोण जाणे. मला येत होतं तेवढं मी बोलले, "मी गद्रे-सानची बायको. मी मजेत आहे."

पलीकडे पेन खाली पडलं. मग रिसीव्हर फार हलक्या हाताने खाली ठेवल्याचा आवाज आला. ती मुलगी सोमवारी रजेवर होती असं नंतर कळलं.

इथपर्यंत आम्ही तिघी मधूनमधून हसतही होतो. मग एकदम माझ्या लक्षात आलं की श्रीकांत या क्षणी गाडीत एकटा बसलाय. बाहेर डोंगर, शेतं भराभर मागे पडताहेत, आणि त्याच्या लेखी मी नाही. आणि त्याला हे सांगायला माझ्याकडे कुठलाही मार्ग नाही. माझं हसू तिथेच थांबलं.

मी चपला घातल्या आणि कसाई स्टेशनवर जाऊन तिकिटांच्या फाटकासमोर उभी राहिले. तो कुठल्या गाडीने येणार ते माहीत नव्हतं. मागोमाग आई आल्या, जानकी थर्मासमधून कॉफी घेऊन आली. ऑफिसं सुटली होती. काळ्या कोटांची गर्दी फाटकातून येत होती, जात होती. आई येणारा एकेक चेहरा निरखत होत्या. मग म्हणाल्या, "वाक्य बरोबर होतं गं."

"हो आई."

"पण तेवढंच म्हणायला नको होतं." मग माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "मी ते नाव ठेवलं ना, तेव्हा तुला विचारलंच नव्हतं. वैशाली काही वाईट नव्हतं."

 मी म्हटलं, "मृण्मयीपण आवडतं मला. फक्त तांदूळ फार लागतात." त्या हसल्या, आणि हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

उजेड गेल्यावर तो आला. टाय सैल झालेला, बॅग छातीशी धरलेली, लोकांच्या धक्क्यांनी आपोआप पुढे सरकत होता. त्याने मान वर केली आणि मला बघितलं. फाटकाच्या आतच उभा राहिला. मागची रांग थांबली. एकाही जपानी माणसाने त्याला हटकलं नाही, सगळे शांतपणे शेजारच्या फाटकांकडे वळले.

"कुठे गेली होतीस?" त्याने विचारलं.

"कोबी आणायला."

त्याने मान हलवली, जणू त्या उत्तराने सगळ्या शंका फिटल्या. मग तिकीट फाटकात घालायचं सोडून तो तिथेच खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. स्टेशनवरचा माणूस धावत आला. आमच्या तिघींकडे बघून त्यालाही काय वाटलं कोण जाणे, त्याने बाजूचं दार उघडून मला आत सोडलं. लग्नाला चार वर्षं झाली होती. आमच्याकडे 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' वगैरे बोलायची पद्धत नाही. त्या दिवसानंतर मला ते ऐकायची गरजही राहिली नाही. असं कळण्यासाठी बायकांना सहसा मरावं लागतं, आणि मग त्याचा उपयोग नसतो. मला ते कोबीच्या भावात मिळालं.

घरी आल्यावर श्रीकांतने सांगितलं की नाकामुरा-साननी त्याला स्वतः टॅक्सीत घालून स्टेशनवर आणलं, तिकीट काढून दिलं, हातात पाण्याची बाटली आणि आपला घडी केलेला रुमाल दिला आणि गाडी हलेपर्यंत फलाटावर मान झुकवून उभे राहिले. आता या माणसाला फोन करून सांगायचं होतं की बायको आहे. श्रीकांतने कपाळाला हात लावून फोन लावला, सगळं सांगितलं आणि रागाचे शब्द ऐकायच्या तयारीने डोळे मिटले. पलीकडून आवाज आला, "योकात्ता." बरं झालं. मग पुन्हा तेच, आणखी हळू. आवाज भरून आला होता, असं श्रीकांत म्हणतो. प्रेझेंटेशन पुढच्या आठवड्यात ठेवू, आज घरी राहा, एवढंच ते बोलले. काम पुढे चाललं. आमचा गाशा काही गुंडाळला गेला नाही.

कार्डवाल्या बाईचाही फोन आला. या वेळी श्रीकांत बोलला. तिने अत्यंत नम्रपणे सांगितलं की अशा साइटवर पैसे लावणं जपानच्या कायद्यात बसत नाही, म्हणून पहिल्याच दिवशी तिने व्यवहार अडवला होता. बाईसाहेबांना आपलं म्हणणं नीट पोचवता आलं नाही याबद्दल तिने माझी माफी मागितली. तिने माझी. आईंना जेव्हा कळलं की आपण अजाणता सट्ट्याच्या उंबरठ्यापर्यंत जाऊन आलो, तेव्हा त्यांनी त्या न पाहिलेल्या बाईसाठी देवापुढे साखर ठेवली.

आणि जानकी. तिने त्याच रात्री सांबार-भात पाठवला, कारण 'अशा घरात' चूल पेटत नाही असं तिच्या मनातून अजून गेलं नव्हतं. डबा द्यायला आली तेव्हा सहज म्हणाली, "आंटी, मॅच बघायची होती तर बोलायचं ना. आमच्या गॅलरीत डिश आहे. सगळे सामने दिसतात."

आईंनी माझ्याकडे बघितलं. मी भाताकडे बघितलं. एक मजला उतरून दार वाजवायचं सोडून मी पार कुठल्याशा बेटापर्यंत जाऊन मरून आले होते.

रविवारी सगळ्यांना जानकीकडे सामन्याचं आमंत्रण होतं. आम्ही निघणार एवढ्यात दाराची घंटा वाजली. पांढऱ्या हातमोज्यांचा एक माणूस ओंजळीत मावणार नाही एवढा पांढऱ्या फुलांचा गुच्छ घेऊन उभा होता. ओसाकाच्या टीमने शुक्रवारी दुपारीच घाईघाईने मागवलेली फुलं. नंतर ती थांबवायचं कुणाला सुचलं नाही. त्याने खोल वाकून, खालच्या आवाजात, दिवंगत व्यक्तीच्या घरच्या कुणाची तरी सही मागितली. मी सही केली. तो पुन्हा वाकला. मीही वाकले.

श्रीकांत पांढराफटक पडला. "ही आधी बाहेर नेऊन टाक."

"टाक काय?" आई पुढे आल्या. त्यांनी एक फूल हुंगलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "अरे, ही तर शेवंती. या देशात आल्यापासून देवाला धड फूल मिळालं नाही मला. केवढी ताजी आहे बघ."

अर्धी शेवंती देवाला गेली. उरलेल्यातून एक मोठा हार जानकीच्या दाराला झाला. आणि एक भरगच्च गजरा आईंनी स्वतःच्या हाताने माझ्या केसांत माळला. अशा रीतीने माझ्याच अंत्यविधीची फुलं डोक्यात घालून मी सामना बघायला गेले, आणि गजरा मला किती शोभतो हे तिथे जो तो सांगत असताना मी लाजत होते.